शेताचा सौदा थांबवा, आधी पगाराची स्लिप काढा

कळंब तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मिस्टर ४१ वर्षांचे, चार वर्षांपासून चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडून मशीनवर आहेत, पगार १९ हजार. ताई, सासूबाई आणि दोन मुलं गावी. मिस्टरांच्या गालात आतून जखम झाली ती दोन महिने बरी होईना, शेवटी तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलने ऑपरेशन आणि शेक (म्हणजे रेडिएशन) मिळून साडेसहा लाख सांगितलेत, त्यातले एक लाख सोमवारी भरा म्हणतायत. दीर म्हणतात दोन एकर काढून टाकू, गिऱ्हाईक तयारच आहे. मिस्टर म्हणतात नोकरी सोडतो म्हणजे पीएफ हातात येईल. एक पाहुणे झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे चला म्हणून मागे लागलेत. आणि ताई विचारतात, "शेत विकू का? विकलं तर मुलगी यंदा दहावीला आहे तिच्या पुढच्या शिक्षणाचं काय? कुणाला विचारावं तेच कळत नाही."

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हेच सांगावंसं वाटलं की सोमवारी ते एक लाख भरू नका, शेताची इसार पावती करू नका आणि मिस्टरांना राजीनाम्यावर सही करू देऊ नका. उपचार मात्र एक दिवससुद्धा लांबवू नका. या दोन्ही गोष्टी एकावेळी जमतात, कशा ते सांगते. मी गेली बरीच वर्षं पेशंटच्या नातेवाईकांबरोबर या कागदांच्या मागे फिरतेय आणि मला दिसतं ते असं, की घरं आजाराच्या खर्चाने बुडतात हे खरंच आहे पण त्यातली कितीतरी घरं पहिल्या पंधरा दिवसांत घाबरून चुकीच्या क्रमाने पैसे घातल्यामुळे बुडतात. आधी पैसे भरले, मग योजना कळली, मग हॉस्पिटल म्हणतं आता पेशंट कॅशमध्ये अ‍ॅडमिट आहे, योजनेत घेता येत नाही. हे इतक्यांदा पाहिलंय की आता पत्रात "अ‍ॅडव्हान्स" शब्द दिसला तरी काळजात धस्स होतं.

तर पहिलं काम आज रात्रीच. मिस्टरांना फोन करून पगाराची स्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. कपातीच्या रकान्यात पीएफच्या खाली बहुतेक "ईएसआय" असं काहीतरी लिहिलेलं असेल, १९ हजारांवर साधारण १४०-१४५ रुपये. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कंपनी असो नाहीतर कॉन्ट्रॅक्टर, ईएसआयमध्ये घालावंच लागतं. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. चार वर्षं दर महिन्याला हे पैसे कापले जातायत आणि तुमच्या घरात कुणाला त्याचा अर्थ माहीत नाही, यात तुमचा काहीच दोष नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज कुठेही जा, कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांना हे कुणी समजावून सांगतच नाही आणि याचा मला मनापासून राग येतो.

ईएसआय असेल तर तुमचं अर्धं चित्र बदलतं. उपचाराच्या खर्चाला तिथे वरची मर्यादा नाही. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे, बिबवेवाडीलाही आहे, आणि कॅन्सरची सोय त्यांच्याकडे नसेल तर ते करार असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देऊन पाठवतात, तिथे कॅशलेस होतं. चिठ्ठी आधी आणि अ‍ॅडमिट नंतर, हा क्रम उलटा झाला तर पैसे परत मिळवायला नाकीनऊ येतात.

उपचारापेक्षा मोठी गोष्ट मला वाटते ती म्हणजे पगार. घर कसं चालेल हा तुमचा खरा प्रश्न आहे ना? आजारपणाच्या रजेत ईएसआय पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम बँकेत टाकतं. आणि कॅन्सर त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणी नीट भरलेली असेल तर पुढे ८० टक्के मिळतात, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. १९ हजारांचे ८० टक्के म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. माणूस घरी बसून, शेक घेत असताना महिन्याला पंधरा हजार. आता सांगा, राजीनामा दिला असता तर? पीएफचे जे काय साठलेत ते एकदा आले असते आणि हे सगळं हातचं गेलं असतं. पीएफसाठी नोकरी सोडायची गरजही नाही, आजारपणासाठी नोकरीत असतानाच त्यातून पैसे काढता येतात, ऑनलाइन अर्ज होतो, फक्त यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, चालू पाहिजे आणि आधार, बँक खातं, मोबाइल नंबर जोडलेले पाहिजेत. काढता येतात म्हणून लगेच काढू नका, ते नंतरसाठी ठेवा.

एकच अट नीट लक्षात ठेवा. भत्ता मिळायला ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि ते मुदत संपली की पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून उपचार शेवटी कुठेही ठरोत, मिस्टरांनी या आठवड्यातच बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या ईएसआय दवाखान्यात जाऊन नोंद करायची. सुपरवायझरला फोनवर सांगितलं, तो हो म्हणाला, एवढ्यावर राहू नका. रजेचा अर्ज लेखी द्या आणि कॉपीवर पोच घ्या. स्लिपवर ईएसआय कापलेलं दिसलं पण दवाखान्यात नाव सापडत नाही असं झालं तर १८००-११-२५२६ हा ईएसआयचा टोल फ्री नंबर आहे.

समजा कॉन्ट्रॅक्टरने भरलंच नाही, किंवा ईएसआयमधून फार वेळ लागतोय. तरी रस्ता बंद होत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पूर्वी राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे तीच. आधी ती दीड लाखांपर्यंत आणि पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना होती, २०२३ मध्ये सरकारने ती कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत नेली आणि पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही आत घेतलं. तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आता रंगावरून अडत नाही. अडतं ते नावावरून. रेशनकार्डवर एक नाव, आधारवर दुसरं, कुठे वडिलांचं नाव अर्धवट तर कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं, किंवा मिस्टर पुण्याला गेले तेव्हा गावच्या कार्डातून नावच कमी केलेलं. आज दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघा, फरक असेल तर उद्याच तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. हे काम हॉस्पिटलच्या काउंटरवर कळलं तर पेशंटला बाकड्यावर बसवून तुम्हाला पुन्हा कळंबला यावं लागतं.

या योजनेत असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, साधारण दाराजवळच टेबल असतं. डॉक्टरच्या आधी त्याच्याकडे जा. तो कागद बघून मंजुरीसाठी ऑनलाइन पाठवतो, मंजुरी आली की ऑपरेशन, औषधं, खाट, पेशंटचं जेवण, डिस्चार्जनंतर परत जायचं भाडं, सगळं त्यात धरलेलं असतं. सुरुवातीच्या काही तपासण्या मात्र खिशातून होऊ शकतात, त्यासाठी वीस-पंचवीस हजार हाताशी ठेवा आणि प्रत्येक बिल जपा. मंजुरी मिळाल्यावरही कुणी "हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरून आणा" म्हणालं तर लेखी द्या म्हणून सांगा आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावा. दुसरा नंबर १८०० २३३ २२००. जवळचं कुठलं हॉस्पिटल कॅन्सरसाठी योजनेत आहे हेसुद्धा त्याच नंबरवर विचारता येतं, आणि ऐकीव माहितीवर जाण्यापेक्षा तेच बरं. ईएसआय असताना ही योजना वापरायची का तेही त्यांनाच विचारून घ्या, दोन्ही दारं एकदम ठोठावून गोंधळ होतो.

आता कुठे करायचं. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलमध्येच करायचं असं काही देवाने लिहून दिलेलं नाही. तुम्ही कळंबला राहता, येरमाळ्यावरून बार्शी तुम्हाला तास-दीड तासावर आहे आणि बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, खेड्यातल्या कॅन्सर पेशंटसाठी तिथे कित्येक दशकं काम चालू आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. आणि मुंबईत परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल तर आहेच. मला विचाराल तर शक्य असेल तर एक मत टाटाला घ्या आणि त्यांनी ठरवून दिलेले उपचार घराजवळ होत असतील तर घराजवळ करा. टाटाला फाईल काढताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, घाबरून प्रायव्हेट म्हणू नका, जनरलमध्ये खर्च खूप कमी होतो. गर्दी असते, थांबावं लागतं, पण उपचार तेच. तिथे मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांना भेटल्याशिवाय पैशाचं काहीही ठरवू नका, कुठला ट्रस्ट कशाला मदत करतो हे त्यांना पाठ असतं.

कुठेही जायच्या आधी जिथे तुकडा काढला तिथून फक्त रिपोर्टचा कागद आणू नका. काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात ठेवलेला असतो तो मेणाचा छोटा ब्लॉक मागून घ्या, डबीत मिळतो. मोठ्या हॉस्पिटलमध्ये ते पुन्हा तपासतात आणि ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा काढायची वेळ येते, म्हणजे पुन्हा दुखणं, पुन्हा खर्च आणि आठवडा वाया. लॅबवाले कधी कधी टाळाटाळ करतात, सही करून घ्या पण सोडू नका.

घराजवळ करा असं मी का म्हणते ते ऐका. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर शेक लागला तर तो साधारण सहा आठवडे चालतो, शनिवार-रविवार सोडून रोज. रोजचा शेक दहा-पंधरा मिनिटांचा, पण त्यासाठी सहा आठवडे तिथे राहायचं, खायचं, बरोबर एक माणूस पाहिजे. योजनेत ऑपरेशनचे लाख रुपये माफ झालेली कुटुंबं मी याच सहा आठवड्यांत कर्जात गेलेली पाहिलीत. लॉजचं भाडं, रिक्षा, बाहेरचं जेवण, आणि पेशंटला तर ते चालतही नाही, तोंड आतून सोलवटतं, तिखट-मीठ लागत नाही, कधी नाकातल्या नळीने पातळ द्यावं लागतं, म्हणजे मिक्सर आणि गॅस असलेली जागा पाहिजे. बार्शीला शेक झाला तर तुम्ही पातळ खिमटं घरून नेऊ शकता, नाहीतर तिथे एखादी खोली घेऊन सासूबाई नाहीतर दीर आलटूनपालटून राहू शकतात. मुंबईतच करावं लागलं तर लॉज बघायच्या आधी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे विचारा, हॉस्पिटलची फाईल दाखवावी लागते, जागेसाठी नंबर असतो, म्हणून फाईल निघाल्याच्या दिवशीच नाव लावायचं. शेक सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्यायला सांगतात, किडलेले काढतात, तेही अगोदर उरकून घ्या म्हणजे तारीख पुढे जात नाही.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे आणि बरोबरच्या माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलमधून रेल्वेचा ठरलेला फॉर्म सही-शिक्क्यासह भरून घ्यायचा आणि स्टेशनच्या काउंटरवर दाखवायचा. लातूर-मुंबई एक्सप्रेस धाराशिव आणि बार्शीवरूनच जाते. एसटीतही कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे, आगारात विचारा, आणि तुमचं स्वतःचं तिकीट तर अर्धंच आहे.

पत्रात तुम्ही मुख्यमंत्री निधीचं विचारलंय. खरं सांगते, त्याला वर्षाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत लागतं आणि मिस्टरांचा पगारच वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर जातो. संजय गांधी निराधारची अट तर त्याहून खाली, २१ हजारांची. कुणी तुम्हाला "दाखला कमी करून देतो" म्हणेल, पैसेही मागेल, त्या वाटेला जाऊ नका, पुढे पडताळणीत अडकलं तर मिळणारी मदतही जाते. तुम्ही बसता ते धर्मादाय हॉस्पिटलच्या योजनेत. ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये ही स्कीम घालून दिलीय. मोफतसाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, सवलतीसाठी ३ लाख ६० हजार. तुम्ही दुसऱ्यात येता. पुण्यातलं ते हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का हे गेटवरच्या बोर्डावरून कळेल, धर्मादाय लिहिलेलं असतं. ट्रस्टचं असेल तर बिलिंगच्या खिडकीवर न जाता तिथल्या सोशल वर्करकडे जा आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवा. तो दाखला काढायला दिवस लागतात, म्हणून उद्या तहसीलला जाल तेव्हाच सेतू केंद्रात अर्ज टाका, कामाला येईल तेव्हा येईल.

एवढं सगळं करूनही पैसे लागणार, ते खोटं सांगत नाही. बचत गटात आहात असं लिहिलंय, तर पहिलं कर्ज गटाकडून घ्या. मग सोनं, पण विकू नका, बँकेत तारण ठेवा, गावातल्या सावकाराकडे अजिबात नाही. एलआयसीची पॉलिसी असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं. मग पीएफ. शेत सगळ्यात शेवटी, आणि तेही घाईचं गिऱ्हाईक सोडून, कारण घरात आजारपण आहे हे ज्याला कळलंय तो भाव पाडूनच मागणार. दिरांशी भांडू नका, त्यांना म्हणा दोन आठवडे थांबा, कागद हातात येऊ देत, मग आपण बसून आकडा काढू. ते मदतच करायला बघतायत, त्यांच्या अंगावर पुरवठा शाखेचं काम टाका.

मिस्टरांच्या बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात का बघा, ती जीवन ज्योती विम्याची रक्कम असते, ती चालू ठेवा, खात्यात तेवढी शिल्लक राहू द्या. आणि आता कुणी एजंट येऊन आजार न सांगता नवीन हेल्थ पॉलिसी काढून देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. आजार लपवून काढलेल्या पॉलिसीचा क्लेम नाकारतात आणि भरलेला हप्ताही हातचा जाऊ शकतो.

झाडपाल्याबद्दल. पाहुणे वाईट हेतूने म्हणत नसतील. पण तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशनने बरा होण्याची शक्यता चांगली असते आणि दोन-तीन महिने वाया गेले की तो गळ्याच्या गाठींपर्यंत जाऊ शकतो, मग तेच ऑपरेशन मोठं होतं, कधी जबड्याचं हाड काढावं लागतं, खर्च वाढतो आणि माणूसही जास्त झिजतो. त्यांना सांगा, उपचार संपू देत मग बघू. आणि तंबाखू आजपासून बंद, एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ वर फुकट समुपदेशन मिळतं. मिस्टरांना टोमणे मारू नका, चाकणला बारा-बारा तासांच्या पाळीत पोरं कशासाठी पुडी लावतात ते मला माहितीये.

मुलीला सांगितलं नाही असं लिहिलंय. दहावीच्या मुलीला घरात काय चाललंय ते कळतंच, ती फक्त विचारत नाही. तिला साध्या शब्दांत सांगा आणि एक काम द्या. एक वही करायची, त्यात रोज किती पैसे आले, कुणाकडून आले, कशावर गेले, पुढची तारीख कुठली. गावातली माणसं मदत करतील, कुणी पाचशे देईल कुणी पाच हजार, ते सगळं त्या वहीत आणि एकाच खात्यात, तुमच्या नावाच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरवायचाच असेल तर तोही तुमच्याच खात्याचा, कुणा भाच्याच्या नाही. मिस्टरांचा मोबाइल नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला आहे, ओटीपी त्यावरच येणार, म्हणून ते ऑपरेशनला आत जातील तेव्हा फोन तुमच्याकडे आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत पाहिजे. हे आत्ताच विचारून घ्या, नंतर त्यांना तोंडाने बोलता येणार नाही काही दिवस.

फाईलमध्ये काय काय ठेवायचं तेही सांगते. रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, बायोप्सीचा रिपोर्ट, पगाराच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या स्लिपा, ईएसआयचा नंबर, बँक पासबुकाचं पहिलं पान, मिस्टरांचे पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. ओरिजिनल कुणाच्याही हातात सोडायचं नाही, दाखवायचं आणि परत घ्यायचं.

सोमवारी पुण्यातल्या हॉस्पिटलचा फोन आला तर एवढंच म्हणा की आम्ही योजनेतून करणार आहोत, तुमच्याकडे योजना लागू आहे का ते सांगा, नसेल तर रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी द्या. घाई करतील, बेड जाईल म्हणतील. जाऊ दे. तुम्ही मंगळवारी मिस्टरांना घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि दिरांना बार्शीला चौकशीला पाठवा. स्लिपवर ईएसआयचा आकडा दिसला की नाही ते मला लगेच कळवा, नसेल तर कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध तक्रार कशी लिहायची ते मी सांगते.